सुधारणेने गुन्ह्याचे देणे फिटते का?

नदीकाठ (मूळ प्रश्न)

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावावर ओळखीतल्याच एका तरुणाने चाकूने हल्ला केला. भाऊ वाचला, पण उजव्या हाताच्या तीन बोटांतली संवेदना गेली ती परत आली नाही. तो घड्याळे दुरुस्त करीत असे. चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलून जागी बसवणारा तो हात आता शर्टाचे बटणही नीट लावू शकत नाही. हल्लेखोराला चौदा वर्षांची शिक्षा झाली. आता त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार चालू आहे आणि आमच्या कुटुंबाला काही म्हणायचे असल्यास ते लेखी कळवावे, असे पत्र आम्हाला आले आहे.

सोबतच्या अहवालावरून कळते की तुरुंगात राहून त्याने पदवी मिळवली, तो सुतारकाम शिकला, निरक्षर बंद्यांना तो वाचायला शिकवतो आणि गेल्या सहा वर्षांत त्याच्याविरुद्ध एकही तक्रार आलेली नाही. शेवटी असे वाक्य आहे की ‘शिक्षेचे सुधारणात्मक उद्दिष्ट बहुतांशी साध्य झाले आहे’.

या वाक्याने मला अस्वस्थ केले आहे. तो बिघडलेलाच राहावा अशी माझी इच्छा नाही; तो खरोखर बदलला असेल तर मला बरेच वाटेल. तुरुंगात माणसे सुधारली पाहिजेत हे मी या घटनेच्या आधीपासून मानत आले आहे आणि फाशीला तर माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. परंतु त्याचे चांगले होणे आणि माझ्या भावाच्या बाबतीत त्याच्याकडे निघणारे देणे ही मला दोन वेगळी खाती वाटतात, आणि एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात दाखवली जात आहे असे वाटते. माझी एक मैत्रीण म्हणते की हा शेवटी सूडच आहे, फक्त मी त्याला न्यायाचे नाव दिले आहे. तिचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही, म्हणून येथे विचारते आहे. ‘केले तेवढे भोगले पाहिजे’ या मागणीत सुडापलीकडे काही आहे का? आणि माणूस खरोखरच बदलला असेल, तर उरलेल्या शिक्षेला काय अर्थ राहतो?

न्यायाभ्यासी

आपल्या मैत्रिणीने दोन गोष्टींची गल्लत केली आहे, आणि त्या गल्लतीला शब्दही थोडा जबाबदार आहे. कायद्याच्या पुस्तकांत ज्याला ‘प्रतिशोधात्मक सिद्धान्त’ म्हणतात त्यातला ‘प्रतिशोध’ रोजच्या बोलण्यात सूड याच अर्थाने ऐकू येतो. मी त्याऐवजी ‘यथायोग्य शिक्षा’ म्हणेन. सूड घेणारा स्वतः दुखावलेला असतो, त्याच्या रागाखेरीज त्याला दुसरी मर्यादा नसते आणि मूळ अपराधी हाती लागला नाही तर तो त्याच्या भावावर किंवा मुलावरही उगवला जातो. यथायोग्य शिक्षा त्रयस्थाने द्यायची असते, ज्याने केले त्यालाच द्यायची असते आणि केले त्याच्या मापानेच द्यायची असते. आपण हल्लेखोराच्या घरच्यांचे वाईट चिंतले नाही, चौदाची वीस वर्षे करा असेही म्हटले नाही. मापाचा प्रश्न विचारला. सुडाला मापाशी कर्तव्य नसते.

या विचाराची सर्वांत कठोर मांडणी जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७९७ मध्ये केली. एखाद्या बेटावरील समाजाने विखुरण्याचे ठरवले, तरी जाण्यापूर्वी तुरुंगातील शेवटच्या खुन्याला शिक्षा दिलीच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. ज्या शिक्षेने जगात कोणाचेही काही भले होणार नाही ती केवळ हिशेब पुरा करण्यासाठी द्यावी, हे मला पटत नाही. मात्र त्याच्या दुसऱ्या आग्रहापासून मला हलता येत नाही: माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, आणि म्हणून इतरांना जरब बसावी किंवा त्याचे स्वतःचे भले व्हावे एवढ्याच कारणाने कोणालाही शिक्षा देऊ नये, आधी तो त्या शिक्षेस पात्र ठरला पाहिजे. हेगेल या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने १८२१ मध्ये याच्या पुढे जाऊन म्हटले की शिक्षा गुन्हेगाराचा विचारी माणूस म्हणून मान राखते. हे ऐकायला विचित्र वाटते, पण याच्या उलट बाजू पाहावी. पिसाळलेल्या जनावराला आपण शिक्षा देत नाही, त्याचा बंदोबस्त करतो. ‘तू हे केलेस आणि तुला ते न करता आले असते’ असे आपण फक्त माणसालाच म्हणू शकतो.

सुधारणेचा विचार एकट्यानेच राज्य करू लागला तर काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. विसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक राज्यांत अनिश्चित मुदतीच्या शिक्षा रूढ होत्या. गुन्हेगार हा जणू रुग्ण आहे, बरा होईल तेव्हा त्याला सोडावे आणि तो बरा झाला की नाही हे तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवावे, अशी त्यामागची सदिच्छा होती. कॅलिफोर्नियात जॉर्ज जॅक्सन या तरुणाला पेट्रोल पंपावरील ७० डॉलरच्या सशस्त्र चोरीबद्दल १९६१ मध्ये ‘एक वर्ष ते आजन्म’ अशी शिक्षा झाली, आणि १९७१ मध्ये तुरुंगातच गोळी लागून मरेपर्यंत तो सुटला नाही. तुरुंगातील त्याच्या वर्तनाबद्दल पुढे अतिशय गंभीर आरोप झाले होते, हे सांगितलेच पाहिजे. तरीही ७० डॉलरच्या चोरीची शिक्षा किती, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तरच नव्हते, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला आणि तुरुंगवासाचा हेतू शिक्षा हाच आहे असे त्यात लिहून टाकले. या बदलाची मागणी करणाऱ्यांत कठोर शिक्षेचे पुरस्कर्ते होते, तसेच बंद्यांच्या हक्कांसाठी लढणारेही होते, हे सहसा विसरले जाते. पुढे तेथे निश्चित मुदतीच्या शिक्षा वाढत गेल्या, तुरुंग ओसंडून वाहू लागले आणि २०१६ मध्ये त्याच कायद्यात सुधारणेचा हेतू पुन्हा घालावा लागला.

यावरून माझे मत असे झाले आहे की यथायोग्यतेने शिक्षेची कमाल मर्यादा ठरवावी आणि त्या मर्यादेच्या आत काय करायचे हे सुधारणेने ठरवावे. कोणी सुधारला नाही म्हणून त्याला त्या मर्यादेपलीकडे डांबू नये. सुधारला तर मर्यादा गाठण्याआधी सोडता यावे. आपल्या प्रश्नापुरते एवढेच म्हणेन की चौदा वर्षे हे पूर्ण फेडलेच पाहिजे असे कर्ज नसून तो वरचा काठ आहे, आणि भोगून झालेली नऊ वर्षे काही थोडी नव्हेत.

सरळरेषा

मी वरील प्रतिसादाशी निम्मा सहमत आहे. मर्यादा हवी, हे मान्य. परंतु आत उरते त्या ‘देण्या’ची कल्पना मला अजून समजलेली नाही. कर्ज फेडले जाते तेव्हा ज्याचे देणे असते त्याच्या पदरात काहीतरी पडते. तो आणखी पाच वर्षे आत राहिला तर आपल्या भावाच्या बोटांत संवेदना येणार आहे का? येणार नसेल, तर एका दुःखाशेजारी दुसरे दुःख ठेवले म्हणजे पहिले कमी होते असे आपण कोणत्या आधारावर मानतो? हे मी आपल्याला दुखावण्यासाठी लिहीत नाही. आपला राग पूर्णपणे रास्त आहे, परंतु राग रास्त असणे आणि त्यातून निघणारी मागणी रास्त असणे यांत अंतर आहे.

जरबेचा मुद्दा कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच नोंदवतो. इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्येच सांगितले होते की गुन्ह्याला आळा शिक्षेच्या क्रौर्याने बसत नाही, ती चुकणार नाही या खात्रीने बसतो, आणि नंतरच्या अभ्यासांचा कल बहुतांशी त्याच्याच बाजूने राहिला आहे. नवाची चौदा केल्याने पुढचा चाकू म्यानात राहील, असे मला वाटत नाही.

खडूफळा

मी अकरा वर्षे तुरुंगात शिकवले. लिहायला-वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे परीक्षांची तयारी करून घेतली, म्हणून सुधारणेच्या बाजूने मी बोलणार हे उघड आहे. तरीसुद्धा आपल्याला आलेल्या अहवालातले ते वाक्य मलाही खटकले. का खटकले, ते सांगण्यापूर्वी पुराव्यांबद्दल थोडे लिहितो, कारण ‘सुधारणा होते’ आणि ‘सुधारणा हे थोतांड आहे’ ही दोन्ही वाक्ये लोक फार सहज बोलून जातात.

रॉबर्ट मार्टिनसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिले की थोडे अपवाद वगळता सुधारणेच्या कार्यक्रमांचा पुन्हा गुन्हा करण्याच्या प्रमाणावर फारसा परिणाम दिसत नाही. ‘काहीच चालत नाही’ अशी त्याची घोषणा झाली आणि अनेक ठिकाणी तुरुंगातील वर्ग व कार्यशाळा बंद करण्यासाठी ती वापरली गेली. १९७९ मध्ये त्याने स्वतःच आपला निष्कर्ष बराचसा मागे घेतला, पण तोवर घोषणा गावभर झाली होती आणि तिची दुरुस्ती कोणी ऐकली नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने तुरुंगातील शिक्षणावरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांच्या फरकाने कमी आढळले. यात एक मेख आहे आणि ती मी वर्गात रोज पाहिली: जो आपण होऊन वर्गात येऊन बसतो त्याने बदलायचे आधीच थोडेफार ठरवलेले असते, त्यामुळे श्रेय वर्गाचे किती आणि त्याच्या निश्चयाचे किती हे वेगळे काढणे अवघड जाते.

नॉर्वेचा दाखला तर प्रत्येक चर्चेत येतो. सुटलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोक दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरतात, असे तेथील आकडे सांगतात; अमेरिकेतील ३० राज्यांतून २००५ मध्ये सुटलेल्या बंद्यांपैकी ७६.६ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा अटक झाली होती. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून टाळ्या घेणे सोपे आहे, पण एकीकडे दोषसिद्धी मोजली आहे तर दुसरीकडे अटक, आणि एकीकडे दोन वर्षे आहेत तर दुसरीकडे पाच. म्हणून मला नॉर्वेतलाच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अधिक मोलाचा वाटतो. तेथे खटले न्यायाधीशांकडे क्रमाक्रमाने, निवड न करता जातात आणि काही न्यायाधीश इतरांपेक्षा अधिक वेळा तुरुंगवास देतात. या योगायोगामुळे जवळजवळ सारख्याच आरोपींची तुलना करता आली. ज्यांना आधी कामधंदा नव्हता असे लोक तुरुंगवासानंतर कमी गुन्हे करू लागले, कारण आत त्यांना प्रशिक्षण मिळाले आणि बाहेर नोकरी; ज्यांची नोकरी तुरुंगवासामुळे सुटली त्यांना मात्र असा लाभ झाला नाही. म्हणजे एकच शिक्षा एकाला उभे करते आणि दुसऱ्याच्या हातातले होते तेही काढून घेते.

आता त्या वाक्याबद्दल. पदवी, सुतारकाम, तक्रार नसणे, या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत आणि आपल्या भावावर हल्ला करणारा इतरांना वाचायला शिकवतो आहे याची किंमत मी कमी लेखणार नाही. पण यांतली एकही गोष्ट त्याने जे केले त्याच्याविषयी नाही. माझ्या वर्गात गंभीर गुन्ह्याखाली आलेले एक गृहस्थ होते, अतिशय हुशार आणि मदतीला तत्पर. अनेक वर्षे ते आपल्या गुन्ह्याचा उल्लेख ‘ती घटना घडली तेव्हा’ असाच करीत. मराठीत ‘घडणे’सारखी क्रियापदे वापरली की करणाऱ्याचे नाव घ्यावे लागत नाही आणि आमच्या वर्गात अशी क्रियापदे फार वापरात होती: भांडण झाले, चाकू लागला, माणूस गेला. एकदा निबंध वाचून दाखवताना ते थांबले आणि कागदावर नसलेले वाक्य बोलले, ‘मी त्याला मारले.’ नंतर कितीतरी वेळ त्यांना पुढे वाचता आले नाही. त्या दिवसापर्यंत ते शिकत होते, सुधारणेला त्या दिवशी सुरुवात झाली, असे मी आजही मानतो.

म्हणून ‘सरळरेषा’ यांना माझे उत्तर असे आहे की देणे म्हणजे वर्षांची संख्या नव्हे. आपण कोणाचे काय केले हे नाव घेऊन कबूल करणे, हा त्या देण्याचा पहिला हप्ता आहे, आणि तो ज्याचा त्यालाच भरता येतो. पूर्वीच्या लोकांनी दंड आणि प्रायश्चित्त असे दोन शब्द ठेवले, यात शहाणपण होते: दंड दुसरा देतो, प्रायश्चित्त स्वतः घ्यावे लागते. यथायोग्य शिक्षा माणसाला ‘हे तू केलेस’ असे सांगते आणि खरी सुधारणा ‘हो, मी केले’ असे उत्तर देते. या दोन सिद्धान्तांत लोक समजतात तेवढे वैर मला कधी दिसले नाही. वैर आहे ते कबुलीशिवायच्या सुधारणेशी, कारण ती केवळ तुरुंगाच्या नियमांशी जमवून घेणे असू शकते, आणि अहवालाची भाषा आमचे बंदी फार लवकर शिकत.

त्या अहवालात आपल्या भावाविषयी काय लिहिले आहे, एवढे पाहावे.

नदीकाठ

मी अहवाल पुन्हा वाचला. माझ्या भावाचे नाव त्यात एकदाच आहे, खटल्याच्या तपशिलात. त्यानंतर पीडित म्हणूनसुद्धा कोठे उल्लेख नाही. मला काय बोचत होते ते आता नीट सांगता येईल असे वाटते. पाच वर्षे कमी होण्याने मी अस्वस्थ झाले नव्हते. जे झाले ते त्याच्या आणि सरकारच्या मधले प्रकरण होते आणि ते आता मिटले आहे, असे त्या वाक्याने मला सांगितले. आम्ही कोठेच नव्हतो.

‘सरळरेषा’, आपला प्रश्न मला दुखावणारा वाटला नाही. बोटे परत येणार नाहीत हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळले होते. पण त्याने ते मान्य केले, तर भावाच्या पदरात काहीच पडणार नाही असे मला म्हणवत नाही.

सेतुबंध

मी पीडित आणि गुन्हेगार यांच्यात मध्यस्थीचे काम करते, म्हणून फक्त या शेवटच्या मुद्द्यावर लिहिते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा येथे १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (तुरुंगाबाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना घरोघर पाठवले. त्यांनी प्रत्येक कुटुंबासमोर उभे राहून आपण केले असे सांगितले आणि पुढे नुकसान भरून दिले. पीडित आणि गुन्हेगार यांना समोरासमोर आणण्याच्या या पद्धतीचा आजचा प्रसार तेथून सुरू झाला असे मानतात. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने अल्पवयीनांच्या गुन्ह्यांत अशा बैठकांना मध्यवर्ती स्थान दिले. नंतरच्या नियंत्रित अभ्यासांत, अशी समोरासमोर भेट झालेल्या पीडितांमध्ये भीती आणि सुडाची इच्छा, दोन्ही कमी झाल्याचे आढळले आहे.

तरीही दोन गोष्टी सांभाळा. भेटीच्या बदल्यात सुटका असा व्यवहार होऊ देऊ नका. मोबदल्यात मिळणारा पश्चात्ताप खरा की खोटा हे ओळखण्याचा मार्ग कोणाजवळच नसतो, माझ्याजवळही नाही. म्हणून मी शक्यतो सुटकेचा निर्णय झाल्यानंतरच भेटीचा विषय काढते. दुसरे असे की क्षमा करणे हे पीडिताचे कर्तव्य नाही. ‘तो एवढा सुधारला आहे, आता तुम्हीही मोठे मन दाखवा’ असे लोक आपल्याला सांगतील. हे ऐकून घेण्याचे आपल्यावर बंधन नाही. आपल्या भावाला भेट नको असेल तर ती नको, आणि त्याचे कारण देण्याचीही गरज नाही.

न्यायाभ्यासी

‘सेतुबंध’ यांच्या म्हणण्याला एक जोड देतो. जगातील बहुतेक देशांनी स्वीकारलेल्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, बंद्यांची सुधारणा आणि सामाजिक पुनर्वसन हे तुरुंगव्यवस्थेचे प्रमुख उद्दिष्ट म्हणून नमूद आहे. ते योग्यच आहे. परंतु पुनर्वसन म्हणजे पुन्हा समाजात वसणे, आणि ज्या समाजात तो वसणार त्यात आपला भाऊही राहतो. हल्लेखोर कोणाकडे परत येतो आहे याचा उल्लेखही ज्या अहवालात नाही, तो सुधारणेच्या कसोटीवरसुद्धा अपुरा आहे. आपण हाच मुद्दा लेखी मांडू शकता. त्यासाठी सुटकेला विरोध करणे आवश्यक नाही.

मी पहिल्या प्रतिसादात ‘नऊ वर्षे काही थोडी नव्हेत’ असे लिहिले होते. ते हिशेबाने बरोबर असले तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, हे ‘खडूफळा’ यांचे लेखन वाचल्यावर लक्षात आले.

नदीकाठ

काल रात्री भावाला हे सगळे वाचून दाखवले. बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर म्हणाला की त्याला तुरुंगात ठेवा किंवा सोडा असे दोन्ही लिहू नकोस, मला काय काम येत होते ते लिही.

त्याप्रमाणे पत्र तयार केले आहे. पहिला परिच्छेद घड्याळांविषयी आहे आणि दुसरा आजच्या हाताविषयी. तिसऱ्यात आम्ही लिहिले आहे की त्याचे शिकणे आणि शिकवणे आम्हाला नाकारायचे नाही. मात्र त्याने केलेल्या कृत्याबद्दल तो आज काय म्हणतो याविषयी अहवालात एकही ओळ नसल्याने, सुधारणेचे उद्दिष्ट साध्य झाले या विधानाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. सुटका झाल्यास तारीख आम्हाला आधी कळवावी आणि भावाच्या संमतीशिवाय त्याने संपर्क साधू नये, अशा दोन विनंत्या शेवटी केल्या आहेत. भेटीचे आम्ही काही लिहिले नाही. भाऊ म्हणाला, ते पुढे बघू.